पॉपेनहाउझेनच्या सुताराचा कारखाना

फ्रँकफर्टहून उत्तरेकडे निघालेली जलद गाडी तासाभरात फुल्डाला पोचते. फुल्डा हे बिशपांचं, मोठ्या कॅथेड्रलचं जुनं शहर. त्याच्या पूर्वेला ऱ्होन नावाची डोंगररांग आहे. तिचे माथे गोलसर आणि बोडके, अंगावर कुरणं, आणि खालच्या घड्यांमध्ये लाल कौलांची गावं. हा डोंगर जुन्या ज्वालामुखींचा. आमच्या नरखेड तालुक्याची काळी जमीन ज्या बसाल्टातून झाली, त्याच जातीचा खडक इथेही जागोजागी उघडा पडलेला दिसतो. या रांगेतलं सगळ्यात उंच शिखर वासरकुप्पे, उंची ९५० मीटर. त्याच्या पायथ्याशी पॉपेनहाउझेन नावाचं लहानसं गाव आहे. बिनइंजिनाची विमानं, म्हणजे ग्लायडर, बनवणारा जगातला सगळ्यात जुना चालू कारखाना या गावात आहे.

भाची फ्रँकफर्टला नोकरीला असते, तिच्याकडे मुक्काम होता. बेत ऐकून ती हसली. "मामा, लोक जर्मनीत येऊन मोटारींचे कारखाने बघतात आणि तुम्ही इंजिनच नसलेल्या विमानाचा बघायला चाललात!" तिचं म्हणणं खरंच होतं. पण माझं कुतूहल यंत्रापेक्षा घराण्याबद्दल जास्त होतं. दोन भावांत वावराचे तुकडे कसे पडतात, बापाने नावारूपाला आणलेलं दुकान नातवाच्या हाती कसं बंद पडतं, हे आमच्याकडे गावोगाव बघायला मिळतं. इथे एका सुताराने १९२७ साली सुरू केलेला धंदा दोन महायुद्धांपैकी एक, विमानबंदी आणि लाकडाकडून फायबरकडे झालेलं अख्खं स्थित्यंतर पचवून त्याच गावात, त्याच कुटुंबाकडे टिकला होता. तो कसा टिकला, ते समजून घ्यायचं होतं.

आधी टेकडी बघावी आणि मग कारखाना, हा क्रम बरा, कारण टेकडी नसती तर कारखानाही नसता. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर कडक निर्बंध आणले. उडण्याची हौस असलेली तरुण पोरं आणि बेकार झालेले वैमानिक यांच्यापुढे एकच वाट उरली, ती म्हणजे इंजिनाशिवाय उडणं. 'फ्लुगस्पोर्ट' या मासिकाचे संपादक ऑस्कर उर्सिनुस यांनी १९२० च्या उन्हाळ्यात या उघड्या माथ्यावर ग्लायडरची स्पर्धा बोलावली. डार्मश्टाटचे काही विद्यार्थी युद्धापूर्वीच इथे उडून गेले होते, त्यामुळे जागा माहितीची होती. झाडं नाहीत, उतार सगळ्या दिशांना आहेत, वारा कुठूनही आला तरी त्याला तोंड देणारी एक तरी बाजू सापडतेच. स्पर्धक आगगाडीने गेर्सफेल्डला उतरायचे आणि घरी बांधलेली विमानं सुटी करून डोंगरावर चढवायचे.

पहिल्या वर्षी वोल्फगांग क्लेम्परर याने सुमारे १.८ किलोमीटरचं अंतर काटलं आणि तो सव्वादोन मिनिटांच्या आसपास हवेत राहिला. एवढ्यावरच त्याची वाहवा झाली. पण दोनच वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांचं 'व्हाम्पिर' हे विमान तासाहून अधिक आणि त्याच महिन्यात तीन तासांहून अधिक वर राहिलं. १९२६ साली माक्स केगेल वादळी ढगात सापडला आणि ५५ किलोमीटर लांब जाऊन उतरला. आधी नुसतं घसरत खाली येणं, मग उताराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगणं, आणि त्यापुढे तापलेल्या हवेच्या स्तंभावर स्वार होऊन डोंगर सोडून जाणं. ग्लायडिंगचं सगळं शास्त्र दहाएक वर्षांत या माथ्यावर शिकलं गेलं.

त्या तापलेल्या हवेला ग्लायडरवाले थर्मल म्हणतात. नरखेडच्या माणसाला ती समजावून सांगायची गरज नाही. चैत्र-वैशाखात नांगरलेलं काळं रान तापलं की वावटळ उठते, आणि तिच्या वर घार पंख न हलवता गोल गोल चढत जाते. ग्लायडरचा वैमानिक हेच करतो. वर जाणारी हवा हुडकायची, तिच्यात घिरट्या घालून उंची कमवायची आणि ती उंची खर्च करत पुढच्या थर्मलपर्यंत जायचं. कारागिराच्या हाती असतं ते एवढंच, की कमावलेली उंची कमीत कमी खर्चात कशी वापरली जाईल.

वासरकुप्पेच्या माथ्यावर जर्मन ग्लायडर संग्रहालय आहे. आत शिरल्यावर मान वर करूनच चालावं लागतं, कारण विमानं छताला टांगलेली आहेत. मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो एका उघड्या पंखापाशी. कापड न चढवलेला तो सांगाडा होता. स्प्रूसच्या बारीक पट्ट्या वाकवून केलेली फासळी, प्रत्येक सांध्यावर बर्चच्या पातळ प्लायवूडचा त्रिकोणी तुकडा, आणि सांधा पक्का करायला गोंद. त्या काळी हा गोंद दुधातल्या केसीनपासून करत. अशा फासळ्या ओळीने उभ्या करून पुढच्या कडेला प्लायवूड वाकवायचं, मागच्या भागावर कापड ताणायचं आणि त्यावर लॅकर मारून ते ढोलकीच्या पुडीसारखं ताठ करायचं. कुणीही नीट बघितलं तर लक्षात येतं, की हे काम चांगल्या सुताराचंच होतं.

अलेक्झांडर श्लायखर हा असाच सुतार. जन्म १९०१ चा, याच गावचा. गावावर दर उन्हाळ्यात विमानांची जत्रा भरत असताना हा जवान मुलगा त्यात ओढला गेला नसता तरच नवल. त्याने स्वतः विमानं बांधली, स्पर्धेत उतरवली, आणि बक्षिसाच्या पैशातून १९२७ साली पॉपेनहाउझेनमध्ये ग्लायडर बांधायचा कारखाना काढला. सुरुवातीचं विमान 'होल्स डेर टॉयफेल'. उतारावरून रबरी दोरीने गलोलीसारखं सोडायचं, शिकाऊ पोरांनी आपटायचं आणि पुन्हा दुरुस्त करायचं, अशा कामाचं ते साधं विमान होतं. गावाच्या नावाचं 'पॉपेनहाउझेन' हे दोन आसनी विमानही त्याच सुमाराचं. गिऱ्हाईक दारातच होतं. टेकडीवर शाळा चालायची, शाळेत विमानं मोडायची, आणि मोडलेलं विमान उतरवून सुताराकडे न्यायचं.

तिशीच्या दशकात हा सुतार कारखानदार झाला तो दुसऱ्याच्या रेखाटनांवर. हान्स याकोब्स या अभियंत्याने आखलेली 'ऱ्होनआडलर' आणि 'ऱ्होनबुसार्ड' ही विमानं श्लायखरच्या कारखान्यात मालिकेने बनू लागली. स्पर्धेतल्या एकेका विमानाचे दिवस सरून एकाच नमुन्याची अनेक विमानं विकण्याचे दिवस आले. या काळातल्या अनेक ग्लायडरच्या पंखांचे आडवे छेद ग्योटिंगेनच्या वायुबोगद्यात तपासलेले असत. ग्योटिंगेन फुल्डाहून त्याच रेल्वेमार्गावर पुढे लागतं. लुडविग प्रांटल यांची ती प्रयोगशाळा. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर भागातले तरुण याच काळात प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून गेले. पुढे भारतात रेखाटून भारतातच बांधलेलं पहिलं इंजिनवालं विमान, एचटी-२, त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालं. डोंगरावरचा सुतार आणि प्रयोगशाळेतला प्राध्यापक यांच्यात इथे गाडीने जेमतेम तासाचं अंतर आहे, ही गोष्ट नकाशा बघताना मला फार महत्त्वाची वाटली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत उडणंच बंद झालं, ग्लायडरसुद्धा. श्लायखरच्या कारखान्यात फर्निचर बनू लागलं. लाकूड तेच, रंधे तेच, कारागीर तेच. ज्या हातांनी पंखांच्या फासळ्या जोडल्या, ते हात आता टेबल-खुर्च्या जोडत होते. १९५१ मध्ये बंदी उठली तेव्हा हेच हात पुन्हा विमानांकडे वळले. कारागीर पांगले असते तर नव्याने सुरुवात करणं किती अवघड गेलं असतं, हे ज्याने बंद पडलेला जिनिंग कारखाना पाहिला आहे त्याला सांगायला नको.

त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांवर एका माणसाची छाप आहे. रुडॉल्फ कायझर. हा घरचा नव्हे, नोकरीला ठेवलेला आरेखक. त्याच्या विमानांच्या नावांत 'का' किंवा 'के' हे अक्षर असतं. का-४ 'ऱ्होनलेर्खे' हे शिकवणीचं दणकट दोन आसनी विमान. १९५५ साली उडालेलं का-६ हे लाकडी ग्लायडरांमधलं सर्वांत देखण्यांपैकी एक. त्याला १९५८ मध्ये उत्कृष्ट स्टँडर्ड वर्गातील ग्लायडरचा, ओस्टिव्ह या आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग संघटनेचा पुरस्कार मिळाला, आणि हाइन्झ हूट याने त्यावर १९६० व १९६३ अशी दोन विश्वविजेतेपदं मिळवली. के-८ आणि एएसके-१३ यांचे सांगाडे पोलादी नळ्यांचे, पंख लाकडाचे, वर कापड. क्लबांना हवं तसं, म्हणजे स्वस्त, दुरुस्तीला सोपं आणि शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालणारं. पुढे १९७८-७९ च्या सुमारास आलं एएसके-२१, पूर्ण फायबरग्लासचं दोन आसनी. जगभरच्या किती तरी क्लबांत आजही पहिला धडा याच विमानात गिरवला जातो.

या विमानांमधला फरक आमच्या भागाच्या नकाशावर मांडून बघू. नरखेडच्या आभाळात बरोबर एक किलोमीटर उंचीवर, शांत हवेत, एकेक ग्लायडर सोडलं असं समजा. ऱ्होनलेर्खे सतरा-अठरा किलोमीटर जाऊन काटोलच्या अलीकडे कुणाच्या तरी वावरात उतरेल. एएसके-२१ चौतीस किलोमीटर जाईल, म्हणजे काटोल मागे टाकून बरंच पुढे. आणि याच कारखान्याचं पंचवीस मीटर पंखांचं दोन आसनी एएसएच-२५ सत्तावन्नच्या आसपास, म्हणजे कळमेश्वर ओलांडून नागपूरच्या वेशीजवळ. इंधनाचा एक थेंब नाही. तीस-पस्तीस वर्षांत कारागिरांनी कमावलेलं हे अंतर आहे.

ही झेप लाकडाने घेता आली नसती. डार्मश्टाटच्या विद्यार्थ्यांनी १९६४ साली डी-३६ नावाचं फायबरग्लासचं ग्लायडर बांधलं. त्या गटातल्या वोल्फ लेम्के, गेरहार्ड वायबेल आणि क्लाउस होलिगहाउस या तिघांची पुढची वाटचाल कादंबरीत शोभावी अशी आहे. शिक्षण संपल्यावर लेम्के एका कारखान्यात गेला, होलिगहाउस शेम्प-हिर्थ या कंपनीत गेला आणि पुढे तिचा मालक झाला, तर वायबेल पॉपेनहाउझेनला श्लायखरकडे आला. एका बाकावरचे दोस्त तीन प्रतिस्पर्धी कारखान्यांचे मुख्य आरेखक झाले, आणि पुढची कित्येक वर्षं जागतिक स्पर्धांमध्ये त्यांची विमानं एकमेकांशी झुंजली. वायबेलच्या एएसडब्ल्यू-१२ ला पंखांवर हवाई ब्रेक नव्हते. उतरताना वेग मारायला शेपटीतून छत्री सोडावी लागे, आणि ती उघडली नाही तर वैमानिकाची परीक्षाच. हे अवघड विमान घेऊन हान्स-वेर्नर ग्रोसे २५ एप्रिल १९७२ रोजी उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकहून निघाला आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला बियारित्झला उतरला. अंतर १,४६०.८ किलोमीटर. नागपूरहून सरळ रेषेत कन्याकुमारी साधारण तेवढीच लांब आहे.

कारखाना गावाबाहेर हूनराइन या भागात आहे. आधी पत्र लिहून वेळ ठरवली होती. आत शिरल्यावर लाकडाचा वास येईल अशी कुठे तरी आशा होती. आला तो रेझिनचा. पंख आता साच्यात जन्मतात. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे दोन वेगळे साचे, आतून काचेसारखे गुळगुळीत. त्यात आधी पांढऱ्या जेलकोटचा थर, त्यावर काचेचं किंवा कार्बनचं कापड, मध्ये हलका फोम, पुन्हा कापड, प्रत्येक थर रेझिनमध्ये भिजवलेला. थर घट्ट बसल्यावर पंखाचा कणा आणि आतली सळ्या-दांड्यांची जोडणी बसवायची आणि दोन्ही साचे एकमेकांवर झाकून चिकटवायचे. यंत्रमानव कुठे दिसला नाही. हातमोजे घातलेली माणसं रोलर फिरवत होती.

खरी कसोटी साच्यातून काढल्यावर सुरू होते. एक वयस्क कारागीर लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, पाणी मारत, पंखावर तिरक्या रेघांत हात चालवत होता. दर थोड्या वेळाने थांबायचा, पाणी पुसायचा आणि डोळा पंखाच्या पातळीला आणून छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब न्याहाळायचा. प्रतिबिंबाची रेघ जिथे किंचित लचकते तिथे पृष्ठभागात खळगा आहे. कागदाच्या जाडीएवढा फरकही तो असा पकडायचा. इतकं नाजूक का, असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं ते किड्यांचं. या पंखांवरून हवा न ढवळता सरकावी लागते. उन्हाळ्यात पंखाच्या कडेवर चिलटं चिकटली तरी विमान लवकर खाली येऊ लागतं, म्हणून स्पर्धेतले वैमानिक उडता उडता दोरीने ओढायचा छोटा पुसणा पंखाच्या कडेवरून फिरवतात. चिलटाने बिघडणारी गोष्ट ठोकळ्याच्या घिसाईत बिघडू द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

आता घराण्याची गोष्ट. अलेक्झांडर श्लायखर १९६८ साली वारले. कारभार जावई एडगर क्रेमर यांच्याकडे आला, आणि पुढे क्रेमर घराण्याच्या पुढच्या पिढीकडे. आडनाव बदललं, पाटी बदलली नाही. पण मला जास्त मोलाची वाटली ती नाव देण्याची रीत. एएस म्हणजे मालक अलेक्झांडर श्लायखर. त्यापुढचं अक्षर बरीच वर्षं आरेखकाचं असे. कायझरची ती एएसके, वायबेलची एएसडब्ल्यू, मार्टिन हाइडेची एएसएच, मिखाएल ग्रायनरची एएसजी. विमानाच्या शेपटीवर पगारी माणसाचं अक्षर मालकाच्या अक्षरांना लागून कायमचं रंगवलेलं.

आमच्याकडे संत्र्याचं कलम करताना जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. खाली मुळं जंभेरीची, चिवट, जमीन धरून ठेवणारी. वर फळ येतं ते डोळ्याच्या जातीचं. बीपासून संत्रा लावण्याचा हट्ट कुणी बागाईतदार धरत नाही. श्लायखर घराण्याने नेमकं हेच केलं. जमीन, इमारत, कारागीर आणि जबाबदारी घराण्याने धरून ठेवली. विमान कसं असावं हे मात्र दर पिढीला बाहेरून आलेल्या, आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या माणसाच्या हाती सोपवलं आणि त्याचं श्रेयही उघडपणे त्याला दिलं. लाकडात हयात गेलेल्या कारखान्यात फायबरवाला वायबेल आला तेव्हा 'आपण सुतार' हा अभिमान आडवा आला नाही. कायझर आणि वायबेल यांची विमानं बरीच वर्षं एकाच छपराखाली बनत राहिली. एक शाळेसाठी बनवायचा, दुसरा स्पर्धेसाठी. पुढे तर ग्लायडरांना स्वतःहून उड्डाण घेता यावं म्हणून पोटात दुमडून ठेवायची इंजिनं आली, आणि अलीकडच्या एएस-३४ मध्ये विजेची मोटर आहे. इंजिनावर बंदी होती म्हणून जन्मलेल्या धंद्याने शंभरीला टेकता टेकता मोटरही आपलीशी केली.

मग आपल्याकडे असा कारखाना का झाला नाही? सुरुवात तर चांगली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली. तिच्या पहिल्या काही वर्षांतच जी-१ हे दहा आसनी ग्लायडर तिथे बांधलं गेलं. पण युद्ध ऐन भरात होतं, कारखाना सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढचं लक्ष लष्करी विमानांकडे वळलं. स्वातंत्र्यानंतर नागरी विमान वाहतूक खात्याने स्वतः ग्लायडर आखली. त्यांची नावं मराठी वाचकाला पंचांगातून पाठ आहेत: १९५८ ची अश्विनी, १९६१ ची रोहिणी, मग मृगशीर्ष, आर्द्रा. पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभं राहिलं, आणि विंचच्या तारेने वर ओढलेली ग्लायडर पुणेकरांनी अनेक वर्षं आपल्या डोक्यावर पाहिली. आखणारे अभियंते हुशार होते, विमानं उडत होती. पण गिऱ्हाईक सरकार, कारखानदार सरकार आणि शाळाही सरकारचीच. नक्षत्रांची माळ पुढे सरकायची ती मंजुरीच्या चालीने.

पॉपेनहाउझेनला दर शनिवार-रविवारी टेकडीवर क्लबची माणसं जमतात. दुपारी मीही धावपट्टीच्या कडेला बसलो होतो. एक मुलगी, कॉलेजच्या वयाची, एएसके-२१ मधून उतरली, आणि उतरताक्षणी पुढच्या उड्डाणासाठी पंखाचं टोक धरून पळायला लागली. क्लबात उडायचं असेल तर विंच चालवणं, विमान ढकलणं, हिवाळ्यात ते घासून-पुसून दुरुस्त करणं हे सगळ्यांना करावं लागतं. त्यामुळे उडण्याचा खर्च मध्यमवर्गाच्या आवाक्यात राहतो, आणि प्रत्येक सभासदाला पंखाच्या आत काय असतं ते ठाऊक असतं. कायझर आणि वायबेल अशाच पोरांतून आले. त्यांची विमानं विकत घेणारेही तेच. घराण्याने कारखाना सांभाळला हे खरंच, पण त्या घराण्याला शंभर वर्षं गिऱ्हाईक आणि आरेखक पुरवले ते या टेकडीवरच्या गर्दीने.

वासरकुप्पेला जायचं असेल तर मे ते सप्टेंबर हे महिने निवडावेत, हिवाळ्यात माथ्यावर बर्फ असतो. फुल्डाहून गेर्सफेल्डपर्यंत छोटी रेल्वे आहे, पुढे बस किंवा मोटार. संग्रहालयाला निदान अर्धा दिवस ठेवावा, आणि शनिवार-रविवार साधावा, म्हणजे उड्डाणं बघायला मिळतात. तिथल्या ग्लायडिंग शाळेत शिक्षकाबरोबर पाहुण्यालाही बसता येतं. नागपूर-अमरावतीकडचं कुणी मूल विमानाचं वेड घेऊन बसलं असेल, तर त्याला विमानतळाची काच दाखवण्यापेक्षा हा खेळ दाखवावा. इथे पहिल्याच दिवशी त्याच्या हातात पंखाचं टोक देतात आणि पळ म्हणतात.